विमानाची तुला

गेल्या दिवाळींत आमच्या घरीं एक लहानसा कलह झाला. कलहाचें कारण वांटणी नव्हे, भाजींतील मीठ नव्हे, कीं मुलांचें भांडण नव्हे. कारण होतें वजन. आणि तेंहि वाण्याच्या मालाचें नव्हे, तर माणसांचें. या सदरांत आजवर मीं पंचांगांतील गणित, विहिरीवरील रहाट, घड्याळाचा लंबक अशा घरगुती विषयांवर लिहीत आलों. "आतां कांहीं आकाशांतलें येऊं द्या," असें एका वाचकांनीं मागें सुचविलें होतें. त्यांची इच्छा या कलहानें अनायासें पूर्ण होत आहे.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा गेलीं चार वर्षें विमान चालवितो. पोटासाठीं नव्हे, त्याची नोकरी निराळी आहे. त्याजपाशीं खासगी वैमानिकाचा परवाना आहे, आणि एका उड्डाणसंस्थेचें सेसना १७२ जातीचें चार माणसांचें विमान त्यास अधूनमधून मिळतें. ही जात जगांत फार प्रसिद्ध आहे. इ. स. १९५६ पासून आजपर्यंत या जातीचीं ४०,००० हून अधिक विमानें बांधलीं गेलीं. दुसऱ्या कोणत्याहि जातीचीं इतकीं झालेलीं नाहींत.

दिवाळीनंतर आप्तांपैकीं एकाकडे लग्न होतें. गांव दूर, रेल्वे गैरसोयीची. तेव्हां चिरंजीवांनीं आपल्या दोघां मामांस व मामेबहिणीस विमानानें नेण्याचें ठरविलें. भाऊबिजेच्या संध्याकाळीं मंडळी ओटीवर बसली असतां तो वही घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, तुमचें वजन किती?"

थोरले मामा हंसले. "कां रे? तुझें विमान आम्हांला भितें कीं काय?"

"थट्टा नव्हे, मामा. मला हिशेब करावयाचा आहे."

"मग लिही ऐंशी किलो."

"आणि धाकटे मामा, तुमचें?"

"माझेंहि ऐंशीच धर."

शेजारशेजारच्या बांकांवरील दोन मुलांचें उत्तर एकच आलें, आणि तें शून्यांत संपणारें असलें, म्हणजे मास्तरांच्या मनांत जी शंका येते ती माझ्याहि मनांत आली. दोघेहि गृहस्थ सुखवस्तु, देहयष्टि भरदार. परंतु पाहुण्यांस खोटें पाडणें बरें नव्हे म्हणून मी त्या वेळीं गप्प राहिलों. ती शंका पुढें कशी फळास आली तें सांगण्यापूर्वीं, वैमानिकास हा हिशेब लागतो तरी कशाला, हें वाचकांस सांगितलें पाहिजे.

बैलगाडींत माल भरणारा गाडीवान दोन गोष्टी पाहतो. एक, गाडी ओढवेल इतकाच माल आहे ना. दुसरी, गाडी उलार तर होत नाहीं ना. माल मागें फार झाला तर जूं वर उचललें जातें आणि बैलांच्या मानेस फांस बसतो. पुढें फार झाला तर बैलांच्या खांद्यांवर भार पडतो. विमानाचेंहि असेंच आहे. भेद एवढाच कीं, गाडी उलार झाली तर गाडीवान खालीं उतरून दोन पोतीं पुढें सरकवितो, आणि आकाशांत खालीं उतरण्याची सोय नसते.

म्हणून प्रत्येक विमानाचें वजन प्रथम रिकाम्या स्थितींत करावें लागतें. तें कसें करतात हें पाहण्याची संधि मला मागील वर्षीं पुतण्यामुळें मिळाली. विमान धुवून, वाळवून त्याच्या घरांत, म्हणजे हँगरांत, आणून उभें केलें होतें. दारें बंद केलीं होतीं. कारण पंख हे वाऱ्यावर उचलले जाण्यासाठींच बनविलेले असतात, आणि थोडीशी झुळूक आली तरी कांट्यावरील आंकडा हलतो. टांक्यांतील पेट्रोल काढून टाकलें होतें. तळाशीं जें थोडें उरतें आणि इंजिनास कधींच मिळत नाहीं तेवढेंच ठेवलें होतें. इंजिनांत तेल मात्र पुरें होतें. आंत राहिलेलीं फडकीं, हत्यारें, कागद हीं सर्व बाहेर काढलीं. नंतर तिन्ही चाकांखालीं एकेक कांटा ठेवला: एक नाकाखालील चाकास, दोन पंखांखालील चाकांस. ब्रेक मोकळे सोडले, नाहींतर चाकें कांट्यांस आडवा ताण देतात. पाणसळ लावून विमान अगदीं समतल केलें. चाकें घसरूं नयेत म्हणून लाविलेल्या ठोकळ्यांचा धडा करून तो वजा घातला. शेवटीं ओळंबा सोडून जमिनीवर खडूनें रेघ मारली आणि त्या रेघेपासून प्रत्येक चाकाच्या आंसापर्यंतचें अंतर फितीनें मोजलें.

ही रेघ म्हणजे सर्व मोजमापाची आरंभरेषा. या जातींत ती इंजिन आणि बसण्याची जागा यांच्यामधील अग्निरोधक पडद्यापाशीं धरतात. तिच्या मागील अंतरें धन, पुढील अंतरें ऋण. विमानाच्या पुस्तकांतील मापें पौंडांत आणि इंचांत आहेत, म्हणून आपणहि तींच घेऊं. एक किलो म्हणजे सुमारें २.२ पौंड.

उदाहरणासाठीं सोपे आंकडे धरतों. डावें चाक ५२० पौंड, उजवें ५३०, नाकाचें ४५०. एकूण १५०० पौंड. मागचीं चाकें रेघेमागें ५८ इंच, नाकाचें चाक रेघेपुढें ७ इंच, म्हणजे उणे ७. आतां प्रत्येक वजनास त्याच्या अंतरानें गुणावें. या गुणाकारास आपण परिबल म्हणूं. मागच्या चाकांचें १०५० गुणिले ५८, म्हणजे ६०,९००. पुढच्याचें ४५० गुणिले उणे ७, म्हणजे उणे ३,१५०. बेरीज ५७,७५०. तिला १५०० नीं भागिलें असतां ३८.५ येतात. रेघेपासून ३८.५ इंच मागें ज्या बिंदूवर हें विमान टेकविलें असतां तें कोणत्याहि बाजूस कलणार नाहीं, तो त्याचा गुरुत्वमध्य.

पुतण्यानें हें गणित प्रथम माझ्यापुढें मांडलें तेव्हां उत्तर ४२.७ आणिलें होतें. नाकाच्या चाकाचें उणें चिन्ह तो विसरला होता! चार इंचांहून अधिक चूक, आणि तीहि एका आडव्या रेघेपायीं. शाळेंत मुलें मला विचारीत, "गुरुजी, या ऋणसंख्या कोणाच्या उपयोगाच्या?" त्या सर्वांस आज त्या हँगरांत नेऊन उभें करावें असें मनांत आलें.

ज्यांस ही रीति नवी आणि परकी वाटेल त्यांस मी सांगतों कीं, ती आपल्या घरची आहे. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतींत सुवर्णगणित म्हणून एक प्रकरण आहे. निरनिराळ्या कसाचे सोन्याचे तुकडे एकत्र आटविले असतां होणाऱ्या गोळ्याचा कस काय? प्रत्येक तुकड्याचें वजन त्याच्या कसानें गुणावें, सर्व गुणाकार मिळवावे आणि एकूण वजनानें भागावें. कसाच्या जागीं अंतर ठेवा, तुकड्यांच्या जागीं माणसें, सामान आणि पेट्रोल ठेवा. विमानाचा गुरुत्वमध्य तोच. सोनाराची आणि वैमानिकाची विद्या येथें एकच होते. दोघांसहि एकच अट आहे: वजनें खरीं पाहिजेत.

आतां हा बिंदु कोठें असावा? त्यास पुढची आणि मागची अशा दोन सीमा असतात. पुतण्याच्या विमानाचें वजन भरल्यावर जास्तींत जास्त २४०० पौंड चालतें. त्या वजनास गुरुत्वमध्य रेघेमागें ३९.५ इंच ते ४७.३ इंच यांच्या दरम्यान असला पाहिजे. म्हणजे आठ इंचांहूनहि कमी पट्टा! वीतभर जागेंत साऱ्या विमानाचें सुखदुःख सांठविलेलें आहे.

या सीमा मनमानी नाहींत. पंखांचें उचलणारें बल सामान्यतः गुरुत्वमध्याच्या किंचित् मागें लागतें, म्हणून नाक खालीं जाऊं पाहतें; आणि शेंपटीवरील लहान पंख खालीं दाबून तें सांवरून धरतो. भार फार पुढें गेला तर शेंपटीवरील हें ओझें वाढतें, आणि उतरतांना नाक वर उचलण्यास तिचें बल अपुरें पडतें. भार फार मागें गेला तर उलट होतें. विमान हातास हलकें आणि चंचल लागतें. नाक आपण होऊन वर जाऊं पाहतें. वेग मंदावून पंखांची उचल सुटली, किंवा विमान गिरक्या घेऊं लागलें, तर नाक खालीं आणून तें सांवरणें कठीण होतें, क्वचित् अशक्य होतें. जाणते वैमानिक मागच्या सीमेस अधिक भितात तें यासाठीं.

आतां आमच्या ओटीवर परत येऊं. पुतण्यानें वहींत पुढील आंकडे मांडले. रिकामें विमान १५०० पौंड. पुढच्या दोन आसनांवर, म्हणजे ३७ इंचांवर, तो स्वतः १३० आणि मामेबहीण १२०. मागच्या आसनांवर, म्हणजे ७३ इंचांवर, दोघे मामा. त्यांनीं सांगितल्याप्रमाणें मिळून १६० किलो, म्हणजे ३५३ पौंड. त्यांस शेजारीं बसून गप्पा करावयाच्या होत्या. पेट्रोल १४० पौंड, ४८ इंचांवर. मागच्या कप्प्यांत, ९५ इंचांवर, आहेर आणि फराळाचे डबे धरून १२० पौंड. त्या कप्प्याची मर्यादाहि तेवढीच. एकूण वजन २३६३ पौंड, गुरुत्वमध्य ४६.९३. दोन्ही मर्यादांच्या आंत. "झालें!" असें म्हणून त्यानें वही मिटली.

माझ्यानें मात्र राहवलें नाहीं. मी म्हणालों, "बाळ, वही मिटूं नकोस. बोळाच्या तोंडाशीं धान्याची वखार आहे. तेथें मोठा कांटा आहे. उद्यां सकाळीं सर्वांनींच त्यावर उभें राहावें. पहिला मी राहतों."

यावर जो गहजब झाला तो काय सांगावा! भावजय आंतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "दादा, माझे भाऊ काय गव्हाचीं पोतीं आहेत, वखारींत नेऊन तोलायला?" थोरले मामा कांहीं बोलले नाहींत, पण पानाचें तबक त्यांनीं पुढें सारलें, त्यावरून राग कळला. पुतण्या कानकोंडा झाला. तो हळूच म्हणाला, "काका, चार-पांच किलोंनीं काय होतें? विमान सोशिक आहे." मीं त्यास उत्तर दिलें, "सोशिक असेल; पण तूं जें लिहिशील त्याखालीं सही तुझी आहे, आणि मागें बसणार ते तुझ्या आईचे भाऊ आहेत." तो क्षणभर थांबला. मग मामांच्या जवळ जाऊन बसला आणि म्हणाला, "मामा, तुमचें वजन जास्त आहे म्हणून मी तुम्हांला ठेवून जाणार नाहीं. पण तें मला कळलें नाहीं, तर मी तुम्हांला नेणारहि नाहीं."

एवढ्या बोलण्यानें राग उतरला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वखारींत वरात निघाली. थोरले मामा ८९ किलो भरले, धाकटे ८८. मिळून १७७ किलो, पौंडांत ३९०.

आतां तोच हिशेब पुन्हां केला. एकूण वजन बरोबर २४०० पौंड. मर्यादा गांठली, पण ओलांडली नाहीं. परिबलांची बेरीज १,१३,५९०. भागाकार ४७.३३. सीमा ४७.३. गुरुत्वमध्य सीमेबाहेर गेला होता! मामांच्या तोंडच्या आंकड्यांनीं जें विमान सुरक्षित ठरलें होतें, तेंच कांट्यावरील आंकड्यांनीं नापास झालें.

"पण शतांश तीन इंच!" धाकटे मामा म्हणाले. खरें आहे, तेवढ्यानें विमान तत्काळ कोसळलें असतें असें मी म्हणत नाहीं. परंतु पसतीस गुणांस उत्तीर्ण असतां चौतीस गुणांचा मुलगा अनुत्तीर्ण होतो, तेव्हां एका गुणानें त्याच्या बुद्धींत काय फरक पडला असें कोणी विचारील तर उत्तर नाहीं. रेघ कोठेंतरी मारावी लागते, आणि मारल्यावर ती पाळावी लागते. परीक्षेंत मास्तर कधींकधीं दयेचे गुण देतात. निसर्गाच्या शाळेंत ती चाल नाहीं. शिवाय जो आज तीन शतांश सोडतो तो उद्यां तीस सोडतो.

उपाय मात्र फार सोपा निघाला. थोरल्या मामांनीं पुढें यावें आणि मुलीनें मागें जावें. दोघांच्या वजनांतील अंतर ७६ पौंड. तें ३६ इंच पुढें सरकलें. गुणाकार २,७३६, त्यास २४०० नीं भागिलें असतां १.१४ इंच. गुरुत्वमध्य ४७.३३ वरून ४६.१९ वर आला. तींच चार माणसें, तेंच सामान, तेंच पेट्रोल. रतिभर वजन कमी झालें नाहीं, केवळ दोन माणसांनीं जागा बदलल्या, आणि विमान उत्तीर्ण झालें. वर पुतण्यानें फराळाचे दोन डबे मागें ठेवविले, कारण वजन अगदीं मर्यादेवर ठेवून निघणें त्यास आतां रुचेना. ते डबे आम्हींच फस्त केले हें सांगणें न लगे. थोरले मामा वैमानिकाच्या शेजारचें मानाचें आसन मिळाल्यामुळें इतके प्रसन्न झाले कीं, लग्नांत त्यांनीं वखारीची गोष्ट स्वतःच सर्वांस सांगितली.

ही झाली घरांतली गोष्ट. परंतु अशा हिशेबांतील खोटेपणाचा शेवट सदैव हंसण्यांत होत नाहीं. ८ जानेवारी २००३ रोजीं अमेरिकेंतील शार्लट येथून बीच १९०० जातीचें, एकोणीस प्रवाशांचें, एक विमान निघालें. जमीन सोडतांच त्याचें नाक वर वर जाऊं लागलें. वैमानिकांस तें खालीं आणतां आलें नाहीं, आणि विमान तेथल्याच एका हँगरावर कोसळलें. एकवीसहि जण मृत्यु पावले. तपासांत दोन कारणें निघालीं. शेंपटीची पट्टी हलविणाऱ्या तारेची जुळणी चुकीची झाली होती, त्यामुळें नाक खालीं आणण्याची शक्ति अर्धवट राहिली होती. आणि गुरुत्वमध्य मागच्या सीमेपलीकडे होता. आश्चर्य हें कीं, वैमानिकांचा हिशेब कागदावर बरोबर होता! त्या काळीं प्रत्येक प्रवाशाचें वजन न करितां सरासरीचा ठराविक आंकडा धरण्याची रीत होती. नंतर प्रवाशांचीं प्रत्यक्ष वजनें करून पाहतां माणसें त्या आंकड्याहून जड निघालीं, आणि अमेरिकेंतील नियम बदलावे लागले. तेथें कोणी मुद्दाम खोटें बोललें नव्हतें. माणसें वाढलीं होतीं, आंकडा मात्र जुनाच राहिला होता.

विमानांचेंहि असेंच होतें. नवा रंग जुन्यावर चढतो, डागडुजींत पत्र्याचे तुकडे बसतात, नवीं यंत्रें येतात, जमिनीखालच्या पोकळींत धूळ सांचते. तरुणपणचें वजन सांगत बसण्याची खोड विमानांच्या कागदांनाहि असते. म्हणून रंगरंगोटी किंवा मोठी दुरुस्ती झाल्यावर त्यांस पुन्हां कांट्यावर चढवावें लागतें. शिवाय उडत असतां पेट्रोल जळतें, आणि त्याबरोबर गुरुत्वमध्यहि सरकतो. आमच्या पुतण्याच्या विमानांत हें सरकणें अल्प असतें. पण बोनान्झा नांवाच्या जातींत टांक्या पंखांच्या पुढील कडेस असल्यामुळें पेट्रोल संपत येतांना भार मागें जातो. म्हणून निघतांनाचा आणि उतरतांनाचा असे दोन्ही हिशेब करावे लागतात.

शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या वेळीं, १६७४ सालीं, त्यांची सुवर्णतुला झाली हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. छत्रपति पारड्यांत बसण्यास लाजले नाहींत. मग आपण काय म्हणून लाजावें? वाचकांपैकीं कोणास उद्यां लहान विमानांत बसण्याचा योग आला आणि वैमानिकानें वजन विचारलें, तर अंगावरील कपडे, पायांतले जोडे आणि हातांतली पिशवी धरून खरा आंकडा सांगावा. तो म्हणेल त्या आसनावर बसावें, आणि सामान त्यास न विचारतां एका कप्प्यांतून दुसऱ्या कप्प्यांत हलवूं नये. चार किलोंची लज्जा राखून तीन माणसांचे प्राण पणास लावणें हा शिष्टाचार नव्हे.

वखारवाल्यानें त्या दिवशीं आमच्याकडून पैसे घेतले नाहींत. "मास्तर, माणसें तोलायचा दर आमच्याकडे नाहीं," असें तो म्हणाला. तो दर बाजारांत नाहीं हें ठीकच आहे. मात्र त्या सकाळपासून आमच्या पुतण्याच्या वहींत एक नवें सदर आलें आहे. प्रत्येक प्रवाशाच्या नांवापुढें तो आतां वजन लिहितो, आणि त्यापुढें आणखी एक शब्द: "सांगितलेलें" किंवा "केलेलें".